जाळायचं तेल आणि जपायचं तेल

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं पात्र सोडलं, पुणे–बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि आठवडाभर कोल्हापूरचा बाहेरच्या जगाशी रस्त्यानं संबंध जवळपास तुटला. त्या दिवसांत शहरात आधी काय संपलं ते आठवून बघा. धान्य घराघरात होतं. कोरडे पडू लागले ते पेट्रोल पंप. उरलंसुरलं इंधन अत्यावश्यक गाड्यांसाठी राखून ठेवावं लागलं. पाणीउपसा केंद्रं बुडाल्यामुळं नळ बंद पडले आणि पाणी टँकरनं आलं, टँकर डिझेलवर. वीज गेलेल्या दवाखान्यांत जनरेटर लागले, तेही डिझेलवर. आंबेवाडी, प्रयाग चिखलीतून माणसं बाहेर काढणाऱ्या बोटींची इंजिनं पेट्रोलवर. गावागावांतलं दूध संघापर्यंत पोचेना. पाणी थोडं उतरल्यावर महामार्गावरून आधी वाट दिली गेली ती इंधन, गॅस, औषधं अशा गाड्यांना. २०२१ च्या जुलैत महामार्ग पुन्हा बुडाला आणि पुन्हा तीच चिंता.

तेलाशिवाय समाज चालेल का, हा प्रश्न इतर ठिकाणी वादसभेचा असेल. कोल्हापूरनं त्याचं प्रात्यक्षिक दोनदा बघितलंय. पण त्यातून घाईनं निष्कर्ष काढू नये. अचानक पुरवठा तुटला की आठवड्यात काय कोसळतं, यावरून वीस वर्षांत ठरवून काय बदलता येईल हे कळत नाही. मला जे म्हणायचंय ते आधीच सांगतो. आपण जे तेल जाळतो, त्यातलं बरंचसं सोडता येईल आणि सोडायलाच हवं. ज्या तेलातून वस्तू घडतात, ते मात्र आपल्या आणि आपल्या मुलांच्या हयातीत पूर्ण सुटणार नाही. हे दोन्ही एकाच मापानं मोजल्यामुळं आपली सगळी चर्चा भरकटते. एक बाजू ‘तेल सोडा’ म्हणते, दुसरी ‘शक्यच नाही’ म्हणते, आणि दोघांच्याही डोळ्यांसमोर वेगवेगळं तेल असतं.

‘आमचे आजे-पणजे कुठं तेलावर जगत होते?’ हे वाक्य कट्ट्यावर हमखास ऐकू येतं. त्या म्हणण्याचा मान ठेवून गुऱ्हाळावर जाऊ या, कारण तेलाविना चालणाऱ्या उद्योगाचं याहून चांगलं उदाहरण आपल्या जिल्ह्यात नाही. चरकातून निघालेला रस काहिलीत जातो आणि चिपाड उन्हात पसरलं जातं. वाळलेलं चिपाड चुलवाणात सारायला एक माणूस दिवसभर बसलेला असतो. आच कमी-जास्त झाली की गुळव्याची हाक येते. म्हणजे ज्या उसाचा रस, त्याच उसाच्या चिपाडावर तो आटतो. रस निवळायला भेंडीच्या झाडाचा चीक पुरतो. वर आलेली मळी काढत राहायची, पाक हाताला लागला की काहील उतरवायची, ओतून घोटायचं आणि निवलं की रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, भरायचे. या आटवण्यासाठी एक लिटरही इंधन विकत आणावं लागत नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या कसबाचं.

आता त्याच गुऱ्हाळाच्या दारात उभं राहून बाहेर बघा. घाणा ओढणारे बैल कधीच गेले. त्यांच्या जागी डिझेल इंजिन आलं, नंतर बहुतेक ठिकाणी विजेची मोटर. ऊस फडातून ट्रॅक्टरनं येतो. अवकाळी पावसात चिपाडावर टाकायची ताडपत्री प्लॅस्टिकची. रवे शाहू मार्केट यार्डात आणि तिथून गुजरातपर्यंत जातात ते ट्रकनं, डांबराच्या रस्त्यावरून. आणि डांबर म्हणजे तेल शुद्ध करताना तळाशी उरलेला गाळ. शिवाय तो ऊस मुळात वाढला कशावर? ऊस खादाड पीक. युरियाचं ४५ किलोचं पोतं घेतलं तर त्यात साधारण वीस किलो नत्र असतं. हवेत नत्र भरपूर आहे, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढून, प्रचंड दाब आणि उष्णता देऊन त्याचा हवेतल्या नत्राशी संयोग करायचा, ही युक्ती १९१३ मध्ये जर्मनीत कारखान्याच्या पातळीवर सुरू झाली आणि आजही खत तसंच बनतं. आपल्या खत कारखान्यांना लागणारा बराचसा वायू परदेशातून जहाजानं, द्रवरूपात येतो. तो वायू म्हणजे तेल नव्हे, हे मान्य. पण तो त्याच प्रदेशांतून, त्याच समुद्रमार्गांनी आणि त्याच भावबाजारातून येतो. डीएपी या दुसऱ्या खताचं आणखी वेगळं. त्यातला स्फुरद खडकातून मोकळा करायला गंधकाम्ल लागतं, आणि जगात विकलं जाणारं बहुतेक गंधक तेल व वायू शुद्ध करतानाच निघतं. पोतं स्वतः प्लॅस्टिकचं, हे वेगळं सांगायला नको.

कृत्रिम नत्र नसतं तर जगातल्या निम्म्याच्या आसपास माणसांना पुरेसं अन्न पिकलं नसतं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. शेणखत घाला, पाचट कुजवा, हिरवळीचं खत करा. हे सगळं करायलाच हवं, त्यानं युरियाची पोती कमीही होतात. पण आजे-पणजे ज्या लोकसंख्येला पोसत होते ती आणि आजची यांत फार मोठं अंतर आहे. पूर्वी जमत होतं म्हणून आजही जमेल, असं शेतकऱ्याला सांगणं अन्यायाचं आहे.

दवाखान्यात हाच धडा अधिक लवकर कळतो. सीपीआर या इथल्या सरकारी दवाखान्याच्या कुठल्याही वॉर्डात खाटेशेजारी उभं राहा. सलाईनची बाटली, नळी, सिरिंज, हातमोजे, रक्ताची पिशवी, बहुतेक सगळं तेलातून आलेलं. काचेच्या सिरिंज उकळून पुन्हापुन्हा वापरायच्या काळात सुईवाटे रोग पसरायचे, ते एकदा वापरून टाकायच्या सिरिंजमुळं बरंच आटोक्यात आलं. तापावरच्या साध्या पॅरासिटामॉलच्या गोळीचं मूळही फिनॉलसारख्या रसायनात आहे आणि फिनॉल बनतं ते तेलातून निघणाऱ्या बेंझिन व प्रोपिलीनपासून. हे तेल सोडा असं मी कुणालाही म्हणणार नाही. ते जपून ठेवा, असं म्हणेन.

आणि इथंच हिशोब डोळे उघडतो. एका पिंपात १५९ लिटर कच्चं तेल असतं. जगभर वापरल्या जाणाऱ्या शंभर लिटर तेलापैकी प्लॅस्टिक, धागे, औषधांची रसायनं या सगळ्या उद्योगाला मिळून लागतं बारा-चौदा लिटर. थोडं डांबर आणि वंगणात जातं. बाकी ऐंशीच्या आसपास लिटर कुठल्या ना कुठल्या इंजिनात, भट्टीत, बॉयलरमध्ये जळून जातं. भारतात एकट्या डिझेलचा वाटा एकूण वापराच्या दोन-पंचमांशाजवळ आहे. पेट्रोल इंजिनात जळलेल्या ऊर्जेपैकी साधारण पाव हिस्साच चाकापर्यंत पोचतो, उरलेली उष्णता होऊन हवेत. आपला देश ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो. म्हणजे परकीय चलन देऊन आणलेल्या वस्तूचा मोठा भाग आपण शब्दशः हवा गरम करायला वापरतो. ज्याला पर्याय नाही ते तेल थोडं आहे, आणि ज्याला पर्याय आहे ते खूप. माझ्या युक्तिवादाचा सगळा भार या एका वाक्यावर आहे.

यावर एक नेटका आक्षेप घेतला जातो. तेलातून एकच वस्तू काढता येत नाही. पिंप उघडलं की सगळंच येतं. साखर कारखान्याचंच बघा. ऊस गाळला की साखर, मळी (साखर काढल्यावर उरणारा काळा पाक), बगॅस म्हणजे चिपाड, प्रेसमड सगळं एकदम बाहेर पडतं. कुणी म्हणेल मला फक्त मळी हवी, साखर नको, तर ते जमत नाही. तसंच कच्च्या तेलातून गॅस, नाफ्ता, पेट्रोल, केरोसीन, डिझेल, डांबर ठरावीक प्रमाणात निघतं. मग डिझेल-पेट्रोल कुणी घेईना झालं तर प्लॅस्टिकचा कच्चा माल असलेला नाफ्ता कुठून येणार? आक्षेप खरा आहे, पण तो शेवटचा नाही. जड रेणू तोडून हलके करण्याची तंत्रं रिफायनऱ्यांकडं आजही आहेत, आणि कच्च्या तेलातून इंधन कमी व रसायनं जास्त काढणारे कारखाने बांधले जाताहेत. हा बदल महागडा आणि संथ असेल. म्हणूनच तो आधीपासून ठरवून करायचा असतो.

आता आपल्या जिल्ह्याच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. ‘तेलाला पर्याय आमच्या शेतात उभा आहे’ असं इथं अभिमानानं म्हटलं जातं. पर्याय म्हणजे इथेनॉल. २०१३-१४ च्या सुमारास पेट्रोलमध्ये दीड टक्का मिसळलं जाणारं इथेनॉल २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर गेलं. त्यानं कारखान्यांना पैसा मिळाला, एफआरपी, म्हणजे उसाचा ठरवून दिलेला किमान दर, वेळेवर द्यायला हात लागला, आणि हे लहान काम नव्हे. मळीपासून इथेनॉल करण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मळी निघतेच, तिचं सोनं करावं. पण थेट उसाच्या रसातून इथेनॉल काढून देशाचं पेट्रोल हटवू, हे म्हणणं हिशोबात बसत नाही. कागद घेऊन करून बघा.

एकरी ४० टन ऊस धरा. एका टनाचा सगळा रस इथेनॉलला दिला तर साधारण ७० लिटर मिळतं. म्हणजे एकरी २८०० लिटर. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते, तेव्हा हे झालं साडेअठराशे लिटर पेट्रोलच्या बरोबरीचं. रोज एक लिटर जाळणारा, म्हणजे पन्नासेक किलोमीटर फिरणारा मोटरसायकलवाला वर्षाला ३६५ लिटर जाळतो. म्हणजे एका एकरातला वर्षभराचा सगळा ऊस पाच मोटरसायकली चालवतो. पाच! त्यातून युरिया, ट्रॅक्टर, तोडणी-वाहतूक यांचं इंधन वजा केलेलं नाही.

आता त्याच एक एकराच्या आकाराचं सौरपॅनेलचं छप्पर घ्या. एक मेगावॅटला साधारण चार एकर लागतात आणि वर्षाला पंधरा लाखांच्या आसपास युनिट मिळतात. आपल्या पावसाळ्याचे महिने लक्षात घेऊन एकरी साडेतीन लाख धरू. विजेवरची स्कूटर रोज तेवढंच अंतर दोन युनिटांत कापते, म्हणजे वर्षाला सातशे-साडेसातशे युनिट. एका एकरावर साडेचारशेहून जास्त स्कूटर चालतात. आकडे ढोबळ आहेत, दहा-वीस टक्के इकडंतिकडं होतील. पाच आणि साडेचारशे यांतलं अंतर त्यानं बुजत नाही. नदीकाठच्या काळ्या रानात पॅनेल लावा असं मी म्हणत नाही, ते पाप होईल. कारखान्यांची शेड, शाळा, बाजार समितीची गोदामं, पडीक माळ यांच्यावर जागा पुष्कळ आहे. आणि पावसावर विसंबलेल्या इंधनाचं काय होतं ते डिसेंबर २०२३ मध्ये दिसलंच: पाऊस कमी, साखर कमी पडेल ही भीती, आणि केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका फटक्यात बंधन घातलं. पुढच्या वर्षी ते उठलं, पण कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्यांनी मधल्या काळात काय करायचं होतं?

वीजही कोळशाचीच ना, असं लगेच विचारलं जाईल. हो, आपली बहुतांश वीज अजून कोळशातून येते. तरी विजेची मोटर ऊर्जा फार कमी वाया घालवते, आणि वीज कोळशाकडून उन्हाकडं, वाऱ्याकडं सरकली तर गाडी न बदलताही ती सुधारते. पेट्रोलची टाकी मात्र आहे तशीच राहते.

शहराकडं बघितलं तर कोल्हापूरला जाळायचं तेल सोडणं मुंबई-पुण्यापेक्षा सोपं आहे. महापालिकेची हद्द ६६ चौरस किलोमीटरच्या आसपास. बिंदू चौकातून शहराच्या कुठल्याही टोकाला सायकलनं तासाच्या आत जाता येतं. तरी महाद्वार रोडवर, ताराबाई रोडवर चारचाकी रेटली जाते, कारण केएमटीची, म्हणजे महापालिकेची, बस कधी येईल याचा भरवसा प्रवाशाला राहिलेला नाही. भरवशाची बस ही सगळ्यात स्वस्त तेलबचत आहे. दर दहा मिनिटांनी येणाऱ्या बसला जाहिरात लागत नाही. रेल्वेचंही तेच. मिरज–कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये आला, आज त्यावर गाड्या विजेवर धावतात. पण कोकणाकडं जाणारा माल अजून घाटातून डिझेलच्या ट्रकनं उतरतो. कोकणातल्या वैभववाडीला जोडणारा रेल्वेमार्ग मंजूर होऊन वर्षं गेली, रूळ पडलेले नाहीत. ज्यांना तेलाच्या आयातीची काळजी वाटते त्यांनी आधी या एका मार्गासाठी दिल्लीत बसायला हवं.

स्वयंपाकघरात गोबरगॅस होता. गावोगावी टाक्या बांधल्या गेल्या, सिलिंडर सोपा झाला तसे अनेकांनी त्या बुजवल्या. आज देशात लागणारा निम्म्याहून जास्त एलपीजी आयातीचा आहे. गोठा आहे, शेण आहे, त्या घरांनी टाकी पुन्हा चालू करावी यासाठी अनुदानापेक्षा दुरुस्ती करणारा माणूस गावात मिळणं जास्त गरजेचं आहे.

घडवायच्या तेलातही सगळंच जपण्याजोगं आहे असं नाही. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर आजही म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध पेल्यात मिळतं. पिशवी नाही, टँकर नाही, शीतगृह नाही. कोल्हापूरची ती शान आहे. पण त्या पद्धतीनं मुंबईतल्या लेकराला दूध पोचणार नाही. तिथं पॉलिथिनची पातळ पिशवीच लागते, आणि ती धुऊन, गोळा करून पुन्हा वितळवता येते. ती राहू द्या. चौकाचौकात वाढदिवसाचे जे ‘डिजिटल’ लागतात त्यांना मात्र कसली गरज आहे? पॉलिस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा थर, चार दिवसांचं आयुष्य, आणि दोन पदार्थ एकत्र चिकटलेले असल्यानं पुन्हा वितळवणंही कठीण. रक्ताच्या पिशवीचं पीव्हीसी आणि या फलकांचं पीव्हीसी एकाच कुळातलं. एकावर माणूस वाचतो, दुसऱ्यावर नुसता चेहरा छापला जातो. मला या फलकांचा मनापासून राग येतो, आणि महापालिकेनं त्यांच्यावर सरसकट बंदी आणावी असं मी उघड म्हणतो.

राहिला सगळ्यात अवघड प्रश्न, आणि तो याच शहराचा आहे. कोल्हापूरचा उद्योगच तेलावर जळणाऱ्या इंजिनातून जन्मला. शिवाजी उद्यमनगरात परदेशी इंजिनं खोलून, बघून, दुरुस्त करून इथल्या मिस्त्रींनी स्वतःची ऑइल इंजिनं बनवली, ती देशभरच्या विहिरींवर बसली. त्यातूनच शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल–हातकणंगलेच्या औद्योगिक वसाहतींत शेकडो फाउंड्री आणि मशीनशॉप उभी राहिली. सिलिंडर ब्लॉक, सिलिंडर हेड, फ्लायव्हील, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड: यांची कास्टिंग करून हजारो घरं चालतात. विजेच्या गाडीत यातलं एकही लागत नाही. मोटर आणि बॅटरीची आवरणं लागतात, पण ती बहुतांशी ॲल्युमिनियमची, दाबानं साच्यात ओतलेली. वाळूच्या साच्यात बीड (ओतीव लोखंड) ओतणाऱ्या फाउंड्रीला सोमवारी बीड आणि मंगळवारी ॲल्युमिनियम असं करता येत नाही. भट्टी वेगळी, साचे वेगळे, मोल्डरचं कसब वेगळं.

म्हणून ‘तेल सोडा’ म्हणणाऱ्यानं शिरोलीतल्या मोल्डरच्या डोळ्यांत बघून ते म्हणायला हवं. मी म्हणतो, आणि सोबत मागण्याही ठेवतो. ट्रॅक्टर आणि अवजड ट्रक यांचं डिझेल शेवटी सुटेल, तेव्हा त्यांच्या कास्टिंगला अजून बरीच वर्षं आहेत. पंप, व्हॉल्व्ह, ब्रेक ड्रम, एक्सल हाउसिंग, रेल्वेचे भाग, पवनचक्कीचे भाग यांना बीड लागतंच राहणार. ही मुदत हातात असताना बदल केला पाहिजे. शेजारच्या कर्नाटकापेक्षा महाग वीज, ही इथल्या उद्योजकांची जुनी तक्रार आहे. सरकारला भट्ट्या आणि गाड्या विजेवर आणायच्या असतील तर उद्योगाच्या वीजदरापासून सुरुवात करावी लागेल, आणि कारखान्याच्या छपरावरच्या सौरविजेला अडवणारे नियम सैल करावे लागतील. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या जोडीला डाय बनवणं, मोटर गुंडाळणं, बॅटरी जोडणं हे अभ्यासक्रम आताच आले पाहिजेत. आज शिकायला बसलेला मुलगा २०६० च्या पुढंही कामावर असणार आहे. आणि प्रेशर डायकास्टिंगचं यंत्र एकट्या लहान कारखानदाराला परवडत नसेल तर वसाहतीत सामायिक यंत्रशाळा काढावी, तासावर भाड्यानं द्यावी. पेट्रोल-डिझेलवर केंद्र आणि राज्य दोघंही भरघोस कर घेतात. त्यातला ठरावीक हिस्सा इंजिनावर जगणाऱ्या अशा गावांसाठी बाजूला काढा, ही मागणी कोल्हापूर, पुणे आणि नाशिकच्या आमदार-खासदारांनी मिळून पुढच्या अर्थसंकल्पाआधी लेखी मांडावी.